ठासणीचा बार : दौलताबाद आणि दख्खनचा दारूगोळा

तोफेचा किंवा बंदुकीचा नेम नळीइतकाच, किंबहुना नळीपेक्षा जास्त, तिच्यात भरलेल्या बारावर अवलंबून असतो. दारू किती घातली, ती कोरडी होती की सर्दावलेली, गोळा नळीत घट्ट बसला की सैल, ठासताना जोर एकसारखा पडला की नाही, या गोष्टींवर गोळा कुठे पडणार ते ठरते. दख्खनमध्ये हे सगळे काम १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हातानेच होत असे. प्रत्येक बार जागेवर, माणसाच्या अंदाजाने आणि सवयीने भरला जाई. या कारागिरीच्या खुणा दौलताबादच्या किल्ल्यावर जितक्या ठळक दिसतात तितक्या मराठवाड्यात क्वचितच दुसरीकडे दिसतात.

यादवांच्या काळी देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा, डोंगर खोदून, कडे तासून किल्ला झाला, तेव्हा दख्खनमध्ये तोफा नव्हत्या. उभा तासलेला कातळ, त्याभोवतीचा खंदक आणि डोंगराच्या पोटातली अंधारी ही माणसाच्या पायाला आणि शिडीला अडवणारी रचना होती. पुढे बहमनी आणि निजामशाही काळात तोफ आली आणि किल्ल्याचे बाहेरचे अंग बदलले. काळाकोट, महाकोट आणि सर्वांत बाहेरचा, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावाने ओळखला जाणारा अंबरकोट अशा तटांच्या ओळीत तोफांसाठी बुरूज उभे राहिले. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध बुरूज चिनी महालाजवळचा, मेंढा तोफेचा. ही तोफ ओतीव मिश्रधातूची असून तिचा मागचा भाग मेंढ्याच्या मुंडक्याच्या आकाराचा आहे. तिच्यावरच्या लेखात औरंगजेबाचे नाव, ओतणाऱ्या मुहम्मद हुसेन अरबाचे नाव आणि ‘किलाशिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, हे तोफेचे नाव आहे. किल्ले फोडण्यासाठी ओतलेली तोफ शेवटी किल्ला राखायला बुरुजावर बसली, हा तिच्या नशिबाचा भाग. ती मजबूत खुंटावर बसवलेली असल्यामुळे आडवी फिरवता येते.

किल्ल्यात आज मांडून ठेवलेल्या तोफा पाहिल्या तर नळ्यांची दोन घराणी लगेच ओळखू येतात. एक मेंढा तोफेसारख्या ओतीव नळ्यांचे. दुसरे लोहारकामाचे: लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोलाकार जोडायच्या, त्यांच्यावर तापवलेली लोखंडी कडी एकाशेजारी एक चढवायची आणि ती थंड होऊन आवळली की नळी तयार. दख्खनच्या लोहारांचा यात हात बसलेला होता. अशी नळी भक्कम असते, पण आतून ती कधीच पूर्ण गुळगुळीत किंवा टोकापासून टोकापर्यंत एकाच व्यासाची नसते. पट्ट्यांचे सांधे आत जाणवतात. दोन तोफा जुळ्या होत नाहीत, आणि म्हणून एकीचा गोळा दुसरीला नीट बसेलच अशी खात्री नसते. दारूगोळ्याची खरी अडचण इथूनच सुरू होते.

गोळे दोन तऱ्हेचे असत. काळ्या पाषाणाचे गोळे छिन्नीने घडवले जात. लोखंडाचे गोळे ठोकून किंवा ओतून केले जात. त्याच मापाचा पाषाणाचा गोळा लोखंडी गोळ्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा भरतो, त्यामुळे त्याला दारू कमी लागते आणि नळीवर ताणही कमी येतो. पण छिन्नीने घडवलेला गोळा तंतोतंत गोल होणे कठीण. गोळा आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागे, नाहीतर तोंडाकडून ठासताना तो अर्ध्यातच अडकायचा. ही फट मात्र दोन प्रकारे नेम बिघडवते. दारू पेटल्यावर तयार होणाऱ्या वायूचा मोठा भाग गोळ्याच्या बाजूने निसटून जातो, आणि गोळा नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत पुढे सरकतो. तोंडाशी शेवटचा ठोका ज्या बाजूला बसेल त्याच्या उलट दिशेला गोळा किंचित वळून बाहेर पडतो. तोंडाशी बोटभर दिसणारा फरक पल्ल्यावर कित्येक हातांचा होतो. इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली तोफशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात गोळ्याचा वेग मोजण्याची रीत दिली आणि हा हिशेब आकड्यांत मांडता येऊ लागला. दख्खनच्या गोलंदाजाला तो हिशेब अनुभवाने ठाऊक होता. फट चिंध्या, काथ्या किंवा गवताच्या बोळ्याने भरून काढायची, हा त्याचा उपाय.

बार भरण्याचा क्रम सगळीकडे जवळजवळ सारखाच होता. आधीच्या बारातले जळते कण विझावेत म्हणून नळी ओल्या फडक्याने पुसायची. घाईत ही पायरी गाळणाऱ्याचा हात किंवा जीव जाई, कारण नवी दारू आत पडताच पेट घेई. मग मापाने दारू आत सोडायची, तिच्यावर बोळा ठासायचा, त्यावर गोळा आणि गोळा पुढे घरंगळू नये म्हणून पुन्हा बोळा. नळीच्या मागच्या बाजूला वर असलेल्या कान्यात बारीक दारू, म्हणजे रंजक, भरायची. शेवटी लांब काठीला बांधलेल्या पेटत्या तोड्याने बत्ती द्यायची. यांतल्या ठासण्याच्या कामाला वरकरणी कौशल्य लागत नाही असे वाटते, पण तेच सर्वांत नाजूक. दारू सैल राहिली तर ती सावकाश जळते, फार आवळली गेली तर ज्योत तिच्यातून नीट पसरत नाही. म्हणून चांगला गोलंदाज प्रत्येक बाराला तेवढ्याच ताकदीचे तेवढेच ठोके देई. आजचा नेमबाज एकाच मापाचे शंभर बार शोधतो. त्या काळच्या गोलंदाजाला लागोपाठचे दहा सारखे साधले तरी तो मोठा मानला जाई.

दारूचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. सोरा, गंधक आणि कोळसा या तिन्ही घटकांपैकी सोरा हा सर्वांत जास्त आणि सर्वांत कटकटीचा. तो जुन्या वाड्यांच्या, गोठ्यांच्या लोणा आलेल्या मातीतून धुऊन, आटवून काढला जाई. चांगल्या सोऱ्याचे मोठे केंद्र बिहार होते आणि तिथून इंग्रज व डच व्यापारी तो जहाजे भरून युरोपात नेत. कच्च्या सोऱ्यात मिठाचे आणि इतर क्षारांचे अंश राहतात, ते हवेतली ओल शोषतात, आणि अशी दारू पावसाळ्यात निकामी होते. म्हणून सोरा पुन्हा पुन्हा विरघळवून, थंड करून त्याचे स्फटिक काढायचे, हे दारू बनवणाऱ्याचे मुख्य काम. दुसरी अडचण अशी की नुसती पुडीसारखी बारीक दारू गाड्यांवरून नेताना हलून तिचे घटक वेगळे होतात: जड भाग तळाला, हलका वर. ती ओलसर करून, दाबून, दाणे पाडून वाळवली तर प्रत्येक दाण्यात तिन्ही घटक त्याच प्रमाणात राहतात आणि दाण्यांमधल्या फटींतून ज्योत एकदम पसरते. दाणेदार दारूने तोफेची ताकद वाढली हे खरेच, पण तिचे मोठे काम असे की आजचा आणि उद्याचा बार सारखा होऊ लागला.

दारू कोरडी ठेवणे हे किल्लेदाराचे रोजचे काम होते. १८व्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात याची बारीक सूचना आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, त्याला सर्दी लागू नये, दारू माच करून त्यावर ठेवावी, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून उन्हात घालून पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असा त्याचा आशय. राज्यकारभाराच्या ग्रंथात दारू वाळवायचा नियम यावा, यातच त्या काळी कशाची काळजी वाटत असे ते दिसते. तोफ शंभर वर्षे टिकते. दारू एका पावसाळ्यात हातची जाते.

दौलताबादच्या इतिहासात दारूचा सर्वांत मोठा प्रयोग १६३३ सालच्या मोगल वेढ्यात झाला, आणि तो तोफेतून नव्हे. मलिक अंबरचा मृत्यू १६२६ साली झाला होता आणि निजामशाहीचा कारभार त्याचा मुलगा फतहखान पाहत होता. शाहजहानचा सेनापती महाबतखान किल्ल्यासमोर बसला. विजापूरची फौज रणदुल्लाखान आणि मुरारपंतांच्या हाताखाली मदतीला आली, पण तिला वेढा मोडता आला नाही. अंबरकोटाखाली मोगलांनी सुरुंग खणला आणि त्यात ७० मण दारू भरली. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात या सुरुंगाने २८ गज तट आणि १२ गज बुरूज उडाल्याची नोंद आहे. त्यानंतर आतल्या तटांकडेही सुरुंग वळले. शेवटी आतले धान्य संपले आणि जून १६३३ मध्ये किल्ला मोगलांच्या हाती आला. याचा अर्थ सरळ आहे. दगडी तटावर दुरून गोळे मारून भगदाड पाडायला त्या काळच्या तोफा आणि त्यांचे एकसारखे नसलेले बार पुरे पडत नव्हते. तीच दारू तटाच्या पायाशी नेऊन ठेवली तर नेमाची गरजच उरत नव्हती. कातळात कोरलेल्या बालेकिल्ल्याच्या माथ्यावर तर कोणताच गोळा उपयोगाचा नव्हता. बादशाहनाम्याच्या सचित्र हस्तलिखितात, जे आज इंग्लंडमध्ये विंडसरला आहे, या वेढ्याचे चित्रही आहे.

मोगलांच्या ताब्यात गेल्यावर दौलताबादेत परदेशी गोलंदाज दिसू लागतात. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने किल्ल्याचे वर्णन करताना इथे चांगल्या तोफा असल्याचे आणि त्यांचे गोलंदाज बहुधा इंग्रज किंवा डच असल्याचे लिहिले आहे. त्याने सांगितलेली एका डच गोलंदाजाची हकीकत वाचण्यासारखी आहे. हा माणूस बरीच वर्षे बादशहाच्या चाकरीत होता. तोफेच्या कामात तरबेज होता, आतषबाजीही उत्तम करी, आणि नेमका म्हणूनच त्याला घरी जायला रजा मिळत नव्हती. राजा जयसिंगाने त्याला सांगितले की किल्ल्याजवळच्या अवघड उंचीवर तोफ चढवून दाखवलीस तर तुझ्या रजेची शिफारस करतो. डचाने युक्ती लढवून तोफ वर नेली आणि १६६७ साली त्याला सुटका मिळाली. कुशल हाताची किंमत किती होती ते या गोष्टीवरून कळते. तोफा ओतून घेता येत, दारू विकत मिळे. ती दोन्ही नीट वापरणारा माणूस मात्र तनखा देऊन, अडवून, मनधरणी करून ठेवावा लागे.

हातातल्या बंदुकीची कथा थोडी वेगळी. तोड्याच्या बंदुकीची नळी लांब आणि पातळ असते. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत अकबराच्या कारखान्यातली बंदूक तयार होण्याची रीत दिली आहे. नळी जास्त दारू भरून फुटते का ते पाहायची, मग निशाण्यावर झाडून पाहायची. गोळी सरळ लागली नाही तर नळी तापवून, आत लाकडी गज घालून सरळ करायची. नेम हा नळीच्या सरळपणाचा भाग आहे, हे इथे स्पष्टच आहे. दख्खनचा बंदुकची मात्र गोळी आणि दारू यांची जमवाजमव स्वतःच करी. शिसे वितळवून साच्यात ओतायचे, गोळीवर राहिलेला देठ चाकूने छाटायचा, दारू शिंगात ठेवायची, रंजक वेगळ्या छोट्या डबीत. देठ नीट छाटला नाही तर गोळी हवेत भोवऱ्यासारखी वेडीवाकडी जाते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवत नसे. साचा त्याच बंदुकीचा, त्याच नळीच्या मापाचा असे. शेजाऱ्याच्या साच्यातली गोळी आपल्या बंदुकीला चालेल असा भरवसा नसे, म्हणून साचा बंदुकीबरोबर वारशाने पुढे जाई.

१८व्या शतकात मराठ्यांनी हे काम सरकारी कारखान्यांकडे वळवायचा प्रयत्न केला. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगड याच घराण्याने बांधला. पेशवे माधवराव पहिले यांच्या कारकिर्दीत जुन्नर भागातल्या आंबेगावात तोफगोळ्यांचा कारखाना निघाला, आणि काही वर्षांनी पुण्यातही. एका जागी, एका मापाने गोळे ओतले की त्यांच्या आकारात फरक कमी पडतो, हा त्यातला खरा फायदा. महादजी शिंद्यांनी हेच उत्तरेत केले. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर त्यांच्यासाठी तोफा ओतत असे. हैदराबादेत निजामाच्या चाकरीतल्या रेमंड या फ्रेंच सरदाराने तोफांची ओतशाळा काढली. आज त्या भागाला ‘गनफाउंड्री’ म्हणतात. दौलताबाद तेव्हा निजामाच्या मुलखात होते. १७५८ साली बुसीच्या फ्रेंच फौजेने आणि उदगीरच्या लढाईनंतर मराठ्यांनी ते काही काळ हाती घेतले, पण दोन्ही वेळा ते परत निजामाकडे गेले. तोपर्यंत त्याचे महत्त्व लष्करापेक्षा तुरुंग म्हणून जास्त उरले होते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा तिथेच कैदेत वारला होता.

कारखान्यात मापाने घडलेल्या बारांची परीक्षा दौलताबादपासून फार दूर झाली नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाशी शिंद्यांच्या कंपूंची, म्हणजे कवायती पलटणींची, आणि आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेची गाठ पडली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी अंगावर चालून येणाऱ्या रांगांवर एकामागून एक नेमके बार टाकले. इंग्रजांचे शेकडो सैनिक पडले. गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर पुन्हा बार केले. लढाई वेलस्लीने जिंकली आणि त्याच्या हाती ९८ तोफा लागल्या. पुढे त्याने युरोपभर लढाया केल्या, पण असईची आठवण तो अखेरपर्यंत काढत राहिला. मराठी तोफखान्याची बाजू इथे हरली ती दारूगोळ्याच्या कमअस्सलपणाने नव्हे. पायदळाची रचना आणि वरिष्ठ युरोपीय अधिकाऱ्यांच्या निष्ठा यांनी हरली.

बार आधीच मोजून बांधून ठेवायचा, ही कल्पना कागदी काडतुसाने रूढ केली. कागदाच्या नळकांड्यात दारू आणि गोळी एकत्र. सैनिकाने टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. यामुळे मापातला माणसाचा दोष कमी झाला, पण फटीचा प्रश्न उरलाच. आतून पीळ असलेल्या नळीला, म्हणजे रायफलीला, गोळी घट्ट बसावी लागते, नाहीतर ती पिळात फिरत नाही. आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायला वेळ लागतो. आधी यावर गोळीभोवती तेलकट चिंधी गुंडाळण्याचा उपाय होता. १८४० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या मिनिएने तळाला पोकळी असलेली लांबट गोळी काढली. ती सैल जाते आणि दारू पेटली की वायूच्या दाबाने तिचा तळ फुगून पिळात घट्ट बसतो. एनफिल्ड रायफलीची गोळी याच तत्त्वावर होती, आणि ती सहज आत सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. त्या चरबीवरून शिपायांत असंतोष भडकून १८५७ चा उठाव झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतले हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळही बिथरले. त्यांना दिल्लीवर चाल करून नेतील अशी धास्ती होती. पुण्याहून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने ते बंड त्याच महिन्यात मोडले.

पितळी काडतूस आल्यावर ठासणे संपले. मागून भरायच्या स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री रायफलींच्या काडतुसात दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी एकाच घरात होती. बार झाल्यावर पितळ फुगून नळीच्या भिंतीला चिकटते, वायू मागे निसटत नाही आणि दाब उतरताच पितळ थोडे आकसून सहज बाहेर येते. मधोमध टोपी असलेले हे घर पुन्हा वापरता येते: जुनी टोपी काढायची, घराचे तोंड साच्यात दाबून परत मापाला आणायचे, नवी टोपी, मोजलेली दारू, नवी गोळी. इंग्रज शिकारी आणि संस्थानिक यांनी भारतात ही कला हौसेने जोपासली. कारखान्याच्या मालात दोन काडतुसांत जो थोडा फरक राहतो तो हाताने काढून टाकायचा, हा तिचा उद्देश. घराची लांबी, मानेची घट्ट-सैल पकड, गोळी किती आत बसवली, ती नळीच्या पिळाला किती जवळ येते, यांपैकी प्रत्येक गोष्ट प्रत्येक काडतुसात सारखी राहिली की दूरच्या निशाण्यावरच्या छिद्रांचा घोळका आवळत जातो. तासलेला पाषाणाचा गोळा आणि ठासायचे मोजके ठोके यांच्याशी या कामाचे नाते सरळ आहे. फक्त हाताऐवजी तराजू आणि साचा आला.

महाराष्ट्रात मात्र हे काम फार लवकर कारखान्याकडे गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. १९६४ मध्ये भुसावळजवळ वरणगावला छोट्या शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना सुरू झाला. हे दोन्ही आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहेत आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. कायद्यानेही दुसरा रस्ता बंद केला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यारे परवान्यावर आणली, आणि १९५९ च्या कायद्याने परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा ठरवले. त्यामुळे अमेरिकेत घराघरांत चालणारा हा छंद इथे मूठभर लोकांपलीकडे पोहोचला नाही. हाताने बार भरण्याची जुनी रीत टिकली ती कोकणात आणि कोल्हापूरच्या डोंगराळ भागात. डुकरे आणि वानरे हाकलायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकांत आजही दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा आणि शेवटी कान्यावर टोपी, असाच क्रम असतो. त्यात नेमाचा प्रश्न फारसा नसतो. आवाज झाला की बहुतेक काम भागते.

नेमबाजीच्या मैदानावर हाताचे काम वेगळ्या वाटेने परत आले आहे. ५० मीटर रायफलीत वापरले जाणारे पॉइंट बावीसचे काडतूस असे असते की पेटवणारा मसाला त्याच्या तळाच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. मग नेमबाज कारखान्यात एका वेळी निघालेल्या वेगवेगळ्या तुकड्यांतली काडतुसे आपल्याच रायफलीत, शिकंज्यात पकडून, झाडून पाहतो आणि ज्या तुकडीचा घोळका सर्वांत लहान येईल ती विकत घेतो. एकाच कंपनीची दोन तुकड्यांतली काडतुसे एकाच नळीत वेगळी वागतात, आणि एका रायफलीला मानवलेली तुकडी दुसरीला मानवत नाही. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे हे याच प्रकारचे नेमबाज. ३०० मीटरच्या मोठ्या रायफलींमध्ये मात्र जगभरचे अनेक स्पर्धक आजही आपले काडतूस आपणच भरतात.